गोळी आधी, फोटो नंतर

मागच्या अंकात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जी थायरॉईडची तपासणी करतात तिच्यावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढे मेल आलेत की या वेळी डायबेटिसवाल्यांना थांबायला सांगून सगळी जागा याच विषयाला देतेय. काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच पुरेसं हार्मोन (थायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर) बनवत नाही. मग तिला कामाला लावणारं दुसरं हार्मोन, टीएसएच, रक्तात वाढतं. गोळी म्हणजे तेच कमी पडलेलं थायरॉक्सिन. मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर, म्हणजे बाळाला औषध सुरू करणारी नव्हे, त्याच्या गळ्याचा गॅमा कॅमेऱ्याने फोटो काढणारी. तेव्हा गोळ्यांचा डोस तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारायचा, मी स्कॅनबद्दल सांगते.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी नऊ दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, पाचवी पूजनाच्या दिवशीच रिपोर्ट आला, टीएसएच १०० च्या वर. परत शिरेतून रक्त घेतलं, तेच, आणि टी-फोर अगदी कमी. डॉक्टरांनी कालपासून गोळी सुरू केली आणि पुण्याला जाऊन स्कॅन करा म्हणाले, नंबर पुढच्या गुरुवारचा मिळालाय. माझे मेव्हणे औषध कंपनीत आहेत ते म्हणतात गोळी चालू असली की स्कॅनमध्ये काही दिसत नाही, गुरुवारपर्यंत बंद ठेव. आई म्हणते दहा दिवसांच्या लेकराला किरणोत्सर्गी इंजेक्शन कशाला, पोर तर छान खेळतंय. काय करू?
– एक बाबा, बार्शी

उत्तर : दादा, तुमचा मेल वाचला त्याच संध्याकाळी फोन केला होता, आता छापतेय ते बाकीच्यांसाठी. गोळी बंद करायची नाही. एक दिवसही नाही. स्कॅन हुकला तर हुकू दे, तो पुढे करता येतो, पण मेंदूची वाढ कुणासाठी थांबत नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या आत पुरेसा डोस सुरू झाला तर ही मुलं शाळेत इतरांसारखीच अभ्यास करतात, भांडतात, उंच होतात. तेच औषध दोन-चार महिने उशिरा सुरू झालं तर गेलेलं सगळं परत मिळत नाही.

आता मेव्हण्यांचं म्हणणं. ते अगदी हवेतलं नाहीये, अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असतं तेच जास्त घोटाळा करतं. थायरॉईडची ग्रंथी आमचं स्कॅनचं किरणोत्सर्गी औषध शोषून घेते ती टीएसएचच्या रेट्याने. गोळीने टीएसएच खाली आला की ग्रंथी सुस्तावते आणि फोटोत नीट दिसत नाही. पण तुमच्या मुलीचा टीएसएच १०० च्या वर आहे, तो काही दोन दिवसांत उतरणार नाही, त्यामुळे गोळी सुरू केल्यावरही पहिल्या आठवड्याभरात स्कॅन चांगला येतो. म्हणून मी तुम्हाला गोळी थांबवा म्हटलं नाही, नंबर अलीकडे आणा म्हटलं. केंद्रात फोन करून ‘तान्हं बाळ आहे, कालच गोळी सुरू झालीय’ एवढंच सांगा, बहुतेक ठिकाणी मध्ये घेतात, कारण आम्हालाही ते आठवड्याचं गणित माहीत असतं. आणि स्कॅनच्या दिवशी सकाळीसुद्धा गोळी द्यायची बरं का, उपाशी ठेवायचं वगैरे डोक्यातून काढून टाका.

आईंचं ‘छान खेळतंय’ हेही समजण्यासारखं आहे. पोटात असताना आईचा थायरॉक्सिन थोडा थोडा वारेतून बाळाला मिळत असतो, त्या शिदोरीवर पहिले काही आठवडे निघून जातात आणि वरून काहीच कळत नाही. कावीळ रेंगाळणं, शी साफ न होणं, बेंबी बाहेर येणं, जीभ मोठी वाटणं, घोगरं रडणं, आणि सगळ्यात फसवं म्हणजे ‘किती शांत बाळ आहे हो, रडतच नाही’, ही लक्षणं मागाहून येतात. म्हणून तर टाचेची तपासणी निघाली, कॅनडात क्यूबेकला १९७४ मध्ये जाँ द्युसो यांनी ती सुरू केली. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत साधारण ११३० बाळांमागे एकाला हा त्रास सापडला, म्हणजे फार दुर्मिळ म्हणावा असा नाहीच.

मग स्कॅन कशाला, रक्तात कळलंच की. बरोबर, औषध द्यायचं की नाही ते रक्त सांगतं. का झालं आणि किती वर्षं चालणार ते फोटो सांगतो. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यापर्यंत उतरते. कधीकधी उतरता उतरता मध्येच थांबते, एसटी घाटात बंद पडावी तशी, आणि फोटोत गळ्याऐवजी वर, जिभेखाली एकच ठिपका दिसतो. हा प्रकार आम्ही सगळ्यात जास्त बघतो. असा ठिपका दिसला की प्रश्न मिटला, गोळी कायमची, पुढे बंद करून बघण्याचे प्रयोग नकोत. कधी ग्रंथी मुळात तयारच झालेली नसते. आणि कधी ती जागेवर असते, चांगली मोठी असते, फोटोत झगझगीत दिसते पण आतल्या कारखान्यात कुठेतरी अडलेलं असतं, कच्चा माल भरपूर आणि पक्का माल बाहेर पडत नाही.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, कारण ‘किरणोत्सर्गी इंजेक्शन’ हा शब्द ऐकून आयांचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघते. बाळाच्या हातात छोटी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत औषध सोडायची बारीक नळी लावतात, तेवढंच काय ते रडणं. त्यातून टेक्नेशियम पर्टेक्नेटेट नावाचं औषध जातं, अर्ध्या मिलिक्युरीपेक्षा (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) कमीच, सिरिंजमध्ये बघाल तर पाण्यासारखे चार थेंब. मग आम्ही आईला सांगतो, घे आता अंगावर. याची दोन कारणं, एक म्हणजे पोट भरलं की बाळ झोपतं, दुसरं म्हणजे हे औषध लाळेतही उतरतं आणि तोंडात साठलेली लाळ फोटोत जिभेखालच्या ठिपक्यासारखी दिसू शकते, दुधाने ती धुऊन जाते. वीसेक मिनिटांनी दुपट्यात घट्ट गुंडाळून, मानेखाली घडी ठेवून, बाळाला कॅमेऱ्याखाली ठेवतात. एक फोटो समोरून, एक बाजूने. कॅमेरा फिरत नाही, आवाज करत नाही, त्यातून काही बाहेर पडत नाही, तो फक्त बाळाच्या गळ्यातून येणारे किरण टिपतो. दहा मिनिटांचं काम. भूल लागत नाही. मागे एकदा एक बाळ ऐन वेळी जागं झालं आणि त्याच्या आजोबांनी तिथेच उभं राहून हलक्या आवाजात अभंग म्हटला, फोटो इतका स्थिर आला की टेक्निशियनने विचारलं आजोबा उद्या येता का.

किरणांचं म्हणाल तर एकदोन मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेले किरण मोजायचं माप) आसपास हिशेब जातो, आणि जमीन, हवा, आकाश यातून माणसाला जगात सरासरी वर्षाला साधारण अडीच-तीन मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण एकदाच करायची तपासणी आहे आणि तिच्यावरून आयुष्यभराच्या औषधाचा निर्णय सोपा होतो, माझ्या स्वतःच्या भाचीचा मी करून घेतला असता.

*(हे बाबा सोमवारीच येऊन गेले. ठिपका जिभेखाली होता.)*

प्रश्न : नातवाचा स्कॅन झाला. आता दुपटी-लंगोट वेगळे धुवायचे का? धाकट्या सूनबाईला पाचवा महिना आहे, तिने बाळाला घ्यावं का? आणि मोठी सून अंगावर पाजते ते चालेल ना?
– आजी, सातारा

उत्तर : आजी, पाजणं अजिबात थांबवू नका. औषध बाळाला दिलंय, आईला नाही, तिचं दूध जसं होतं तसंच आहे. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, आईचा स्वतःचा स्कॅन असेल तेव्हा पाजण्याबद्दल वेगळ्या सूचना असतात.

टेक्नेशियमचं असं आहे की दर सहा तासांनी ते निम्मं होतं. सकाळी दहाला दिलं तर दुपारी चारला निम्मं, रात्री दहाला पाव, पहाटे चारला दोन आणे, दुसऱ्या दिवशी दहाला एक आणा. तुम्हाला आण्याचा हिशेब पटकन कळेल म्हणून तसं लिहिलं. शिवाय काही भाग शू-शीतून निघून जातो. तेव्हा पहिला दिवसभर लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवा, डायपर वापरत असाल तर पिशवीत बांधून उद्या कचऱ्यात टाका, कापडी असतील तर नेहमीसारखे धुवा, जाळायचे-पुरायचे नाहीत. धाकट्या सूनबाईंनी त्या दिवशी मांडीवर घेऊन तासन्‌तास बसू नये, आणि मुळात स्कॅनला बाळ धरायला गरोदर बाईने जाऊच नये, आम्ही दारातच विचारतो ते यासाठी. दुसऱ्या दिवसापासून बिनधास्त घेऊ दे. तुम्ही मात्र आजही घ्या, तुमचं वय आता किरणांना घाबरायचं राहिलेलं नाही (रागावू नका, माझी आईही तुमच्याच वयाची आहे).

प्रश्न : माझ्या बाळाच्या स्कॅन रिपोर्टमध्ये ‘गळ्यात कुठेही अपटेक नाही’ असं आलंय. म्हणजे थायरॉईडच नाही असं आम्हाला सांगितलं गेलं, मी दोन दिवस रडतेय. पण नंतर सोनोग्राफी केली तर ग्रंथी आहे म्हणतात, दोन्ही बाजूंना, आकारही बरोबर. मग खोटं कोण? बाळ साडेसातव्या महिन्यात झालं, सिझेरियन झालं होतं, महिनाभर एनआयसीयूत होतं.
– एक आई, मडगाव

उत्तर : कुणीच खोटं नाही. हे मला नीट लिहायचंय, कारण ‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ यातला फरक रिपोर्ट हातात पडला की घरात कुणाच्या लक्षात राहत नाही, कधीकधी डॉक्टरांच्याही नाही.

सोनोग्राफी ग्रंथीचं शरीर बघते. आमचा स्कॅन तिचं काम बघतो, ती आमचं औषध आत ओढते का ते, त्यालाच रिपोर्टमध्ये ‘अपटेक’ म्हणतात. घरात माणूस आहे पण दार उघडत नाही, तर बाहेरून बेल वाजवणारा म्हणणार घरात कोणी नाही. तुमच्याकडे तसंच झालंय. आता दार का उघडलं नाही याची कारणं मोजकी आहेत.

पहिलं, आणि तुम्ही साडेसातवा महिना, सिझेरियन, एनआयसीयू लिहिलंत म्हणून मला सगळ्यात आधी तेच सुचलं, ते म्हणजे आयोडीन. ते तपकिरी जंतुनाशक, पोव्हिडोन आयोडीन, आईच्या टाक्यांना लावतात, कुठेकुठे बाळाच्या बेंबीला, सलाइनची नळी घालण्याआधी त्वचेला. तान्ह्या बाळाची आणि त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा ते भराभर शोषते, आईच्या दुधातूनही ते उतरतं. ग्रंथी आयोडीनने अशी तुडुंब भरते की काम बंद करते, मोठ्या माणसाची ग्रंथी दोन-चार दिवसांत त्यातून बाहेर येते, एवढ्या लहान बाळाला ते जमत नाही. टीएसएच वाढतो, आणि स्कॅनला गेलात तर भरलेल्या पोटी कोण जेवणार, फोटो कोरा. कॉन्ट्रास्ट (फोटोत अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) देऊन काही तपासणी झाली असेल तर त्यातही आयोडीन असतं. हा प्रकार बहुतेक वेळा तात्पुरता असतो. तुमच्या फाइलमध्ये काय काय लावलं होतं ते बघायला सांगा, बाळाच्या लघवीतलं आयोडीनही मोजता येतं.

दुसरं, तुमच्याच रक्तातली अँटीबॉडी. काही आयांना थायरॉईडचा असा आजार असतो की त्यात टीएसएचला ग्रंथीवर बसूच न देणारी अँटीबॉडी तयार होते, ती वारेतून बाळात जाते. तीनेक ते सहा महिन्यांत ती आपोआप ओसरते. तुम्ही थायरॉईडची गोळी घेता का ते लिहिलं नाहीत, घेत असाल तर तुमची या अँटीबॉडीची ट्रॅब नावाची तपासणी करून घ्या. (साधा हाशिमोटो, म्हणजे मोठ्यांमध्ये नेहमी दिसणारा थायरॉईडचा आजार, असलेल्या आयांनी घाबरू नये, त्यांची बाळं बहुतेक वेळा ठणठणीत असतात.)

तिसरं, गोळी सुरू होऊन बरेच दिवस झाले होते का, टीएसएच उतरला होता का. चौथं, जन्मतःच आयोडीन आत ओढणारा पंप बिघडलेला, हे विरळा.

यातलं काहीही निघो, आत्ता गोळी चालूच राहणार. पण तुमच्या बाळाच्या फाइलवर ‘ग्रंथी नाही, कायमचा आजार’ हा शिक्का बसता कामा नये. ग्रंथी जागेवर आहे म्हटल्यावर तीन वर्षांचं झालं की डॉक्टर चार ते सहा आठवडे गोळी थांबवून रक्त बघतील, लागलं तर तेव्हा परत स्कॅन करू. तीन वर्षांच्या आत मात्र कुणीही, काहीही सांगो, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की तान्ह्या बाळाचा स्कॅन आणि सोनोग्राफी दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कुठल्याच आईला ‘ग्रंथी नाही’ हे वाक्य ऐकवू नये. सोनोग्राफीला जिभेखालची ग्रंथी बरेचदा सापडत नाही, स्कॅनला ही अशी बंद दारं कळत नाहीत, दोघी एकमेकींच्या चुका सांभाळतात.

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सला आहे. थायरॉईड तर आयोडीन वापरते, मग तुम्ही टेक्नेशियम का वापरता? आणि सहा तासांत निम्मं होणारी वस्तू तुमच्यापर्यंत पोचते कशी?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : वा, असा प्रश्न आला की मला बरं वाटतं. ग्रंथीचा पंप पर्टेक्नेटेटला आयोडाइड समजून आत घेतो, फसतो बिचारा, पण पुढे त्याचं हार्मोन बनवू शकत नाही, म्हणजे आत घेण्याची पायरी आम्हाला दिसते, पुढच्या नाही. आयोडीन-१२३ वापरलं तर पुढच्याही दिसतात, पण ते सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं, १३ तासांत निम्मं होतं, महाग पडतं आणि आपल्याकडे सहजी मिळत नाही. आयोडीन-१३१ मिळतं, पण आठ दिवस निम्मं होत नाही आणि बीटा किरण सोडतं, ते एवढ्याशा बाळाला स्कॅनसाठी द्यायचं नसतं.

पोचण्याचं उत्तर असं की टेक्नेशियम येत नाही, त्याची आई येते. मॉलिब्डेनम-९९, ६६ तासांत निम्मं होणारं. शिशाच्या जाड डब्यात अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर ते चिकटवलेलं असतं, त्याचं सतत टेक्नेशियम होत राहतं, आणि रोज सकाळी आम्ही वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम तेवढं धुऊन खाली येतं, मॉलिब्डेनम जागेवर. याला जगभर गायच म्हणतात, आम्हीही सकाळी एकमेकांना विचारतो, धार काढली का. नवी गाय आली की पहिले दोन दिवस भरपूर देते, आठवड्याच्या शेवटी आटते, म्हणून कुठेकुठे स्कॅनचे वार ठरलेले असतात. वाशीला ब्रिट म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी आहे, आपल्या देशातला आयसोटोपचा पुरवठा बराचसा तिथून होतो, आणि बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. इकडे यायचा विचार असेल तर एमएस्सीनंतरचे कोर्स बघ, मशीनवाल्यांची गरज डॉक्टरांइतकीच आहे.

प्रश्न : आमचं लग्न नात्यातलं आहे, मिसेस माझ्या मामाची मुलगी. पहिल्या बाळाला जन्मतः थायरॉईड. स्कॅनमध्ये ग्रंथी मोठी आणि ‘जास्त अपटेक’. दुसरं मूल होऊ द्यावं का?
– जालना

उत्तर : होऊ द्या की. फक्त माहिती घेऊन. तुमच्या बाळाचा फोटो वर मी लिहिलेल्या तिसऱ्या प्रकारातला आहे, कारखाना मोठा पण माल बाहेर पडत नाही. ग्रंथी जागा चुकण्याचा प्रकार बहुतेक वेळा घरात दुसऱ्यांदा होत नाही, हा मात्र आईवडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला की होतो, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता वाढते. तसं निघालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक. एकदा जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. आणि दुसरं बाळ झालं की ४८ तासांनंतर टीएसएच झालाच पाहिजे, त्याआधी नको, कारण जन्मल्याजन्मल्या प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळी मारतो आणि उगाच घाबरायला होतं. पहिल्या बाळाचे कान तपासलेत का? या प्रकारात क्वचित ऐकण्यातही दोष असतो, राहिलं असेल तर याच महिन्यात करून घ्या. आणि ‘मामाच्या मुलीशी केलंस म्हणून’ असं मिसेसना कोणी ऐकवत असेल तर माझ्याकडे पाठवून द्या, जीन दोघांचे लागतात.

प्रश्न : गोळी मधात घोळून, बाळगुटीबरोबर सहाणेवर उगाळून देते. चालेल ना?
– पणजी म्हणजे पणजीबाई, गाव नव्हे, राहणार नाशिक

उत्तर : पणजीबाई, हसवलंत. पण नाही चालणार. एक वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहाणेवर उगाळली तर निम्मी गोळी दगडालाच लागते, तीन किलोच्या बाळाचा डोस मुळात ३० ते ४५ मायक्रोग्रॅम, त्यातलं सहाणेला किती द्यायचं! दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडा, आईच्या दुधाचे किंवा पाण्याचे चार-पाच थेंब घाला, लगेच पाजा, चमच्याला राहिलेलं परत दोन थेंब घालून पाजा. बाटलीभर दुधात टाकायची नाही, बाळाने अर्धी बाटली सोडली की डोसही अर्धा. आयर्न, कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर ते चार तासांनी. रोज एकच वेळ. गुटीचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला, माझं मत विचाराल तर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि सहाण धुऊन ठेवा, दिवाळीत जायफळ उगाळायला लागेल.